उसना अंधार

प्रोजेक्टर विकणारे सगळे उजेडाचं बोलतात. खोक्यावर ल्युमेनचा आकडा छापलेला असतो, तो दर दिवाळीला फुगतो, आणि त्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी असते. तिचा खुलासा खोक्याच्या तळाशी, भिंग लावून वाचावा अशा अक्षरांत. प्रमाणित मोजणीत पांढऱ्या पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजतात आणि त्यावरून आकडा काढतात, त्याला आन्सी ल्युमेन म्हणतात. स्वस्तातल्या खोक्यावरचा आकडा बहुधा तो नसतो. पण आकडा खरा असो की फुगवलेला, ज्या वस्तूवाचून हे यंत्र अडतं ती खोक्यात येतच नाही. अंधार आपला आपण बघायचा असतो. तो घरातल्यांकडून मागून आणावा लागतो. एकाची ट्यूब, दुसरीचा मोबाइल, तिसऱ्याने पाणी प्यायला उघडलेलं फ्रिजचं दार. सिनेमा अडीच तासांचा असेल तर अडीच तास अख्खं घर आपल्याला अंधार उसना देतं, आणि उसनं दिलेलं कुणी विसरत नसतं.

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तर उसना द्यायलाही अंधार शिल्लक नाही. समोरच्या इमारतीवर कुठल्याशा क्लासची पाटी रात्रभर निळी-लाल होत असते, सोसायटीचा दिवा थेट दिवाणखान्यात डोकावतो, आणि जाड पडदे लावले की पिक्चर दिसतो पण माणसं उकडतात. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते यंत्र सासुरवाडीला नेलं. सासुरवाडी लोहगडवाडीला. मळवली स्टेशनात उतरायचं, भाजे गाव ओलांडायचं, आणि गायमुख खिंडीचा चढ चढून गेलं की डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड, आणि गडाच्या पायाशी वाडी. इथे घरटी एक पाटी आहे, जेवणाची व राहण्याची सोय. २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत लोहगड आहे. तेव्हापासून मेहुण्याच्या मनात पाटीवर 'जागतिक वारसा पिठलं-भाकरी' असं लिहून घ्यायचं आहे. मी दोनदा समजावलं. पाटीचा पेंटर मात्र त्याच्या बाजूने आहे.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी गडाच्या पायऱ्यांवर एवढी गर्दी होते की गणेश दरवाजात माणूस अडकला तर पुढचा सरकल्याशिवाय सुटत नाही. पण उन्हाळ्यात संध्याकाळी शेवटचा ट्रेकर खाली उतरला, भांडी घासून पालथी पडली, की वाडीत जो अंधार पडतो तो बघण्यासारखा असतो. पुण्यात ज्याला अंधार म्हणतात त्याला इथे दिवेलागण म्हणतात.

आणि तरीही पहिल्याच रात्री तंटा झाला. माजघराची एक भिंत नुकतीच चुन्याने पोतारलेली, पांढरीशुभ्र, अंगणाकडच्या दारापासून नेमकी हवी तेवढी लांब. मेहुण्याने एकच दिवा ठेवून सगळे घालवले. उरलेला दिवा देवघरातल्या समईचा होता. देवघर त्याच भिंतीच्या उजव्या कडेला आहे. बायकोची आजी नव्वदीच्या घरात आहे आणि तिने ती समई रात्री जेवणं होईपर्यंत कधी शांत केलेली नाही.

"पाव्हणं," आजी म्हणाली, "तुमचा शिनेमा दिव्याला भितो का काय?"

भितो, आजी. फार भितो. मी तिला सांगायचा प्रयत्न केला की या यंत्राला काळा रंग फेकताच येत नाही. आत नखाएवढ्या चकतीवर काही लाख आरसे असतात, एकेक केसापेक्षा बारीक. पांढरा ठिपका हवा असेल तर आरसा उजेड भिंगाकडे पाठवतो, काळा हवा असेल तर तोंड फिरवून उजेड दुसरीकडे टाकून देतो. भिंतीवर काळं म्हणून जे दिसतं ती निव्वळ भिंत असते, जिच्यावर आपण काही पाठवलेलं नाही. म्हणजे भिंत जेवढी काळोखी, तेवढेच नायकाचे केस काळे. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि वातीवरची काजळी झटकली. समई आणखी लख्ख झाली.

तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक चित्रपटात उजव्या कोपऱ्यात सूर्य मावळतो. आल्प्सच्या बर्फात मावळतो, चंद्रावर मावळतो, पाणबुडीतही मावळतो. खलनायक त्या बाजूने आला की त्याचा चेहरा भगवा होतो आणि तो थोडा सज्जन वाटू लागतो. एका भयपटात भूत नेमकं त्या कोपऱ्यातून निघालं. कुणी दचकलं नाही. धाकट्या मेहुणीने नमस्कार केला.

थिएटरवाल्यांची एक गंमत आहे. डिजिटल सिनेमाच्या पडद्यावर पांढरा रंग किती उजळ असावा याचं प्रमाण ठरलेलं आहे, ते आहे ४८ निट. खिशातला साधा मोबाइल उन्हात त्याच्या दसपट उजेड सहज देतो. म्हणजे मोठ्या पडद्यावर जे आपले डोळे दिपवतं ते मुळात मंद आहे. काळ्या भिंती, काळं छत आणि बॅटरी घेऊन फिरणारा डोअरकीपर मिळून त्याची शान राखतात. वाडीच्या समोर, रेल्वेपलीकडच्या डोंगरात कार्ल्याचं चैत्यगृह आहे. आत खांबांच्या दोन ओळी, वर लाकडी फासळ्या, टोकाला स्तूप, आणि उजेड येतो तो मुख्यतः दर्शनी भागावरच्या घोड्याच्या नालासारख्या गवाक्षातून. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने हा डोंगर पोखरला त्याला आधी अंधार कोरावा लागला, मग त्यात उजेड कुठून सोडायचा ते ठरवावं लागलं. त्याच्या वेळी समईवरून कुणी तंटा केला होता की नाही, याची नोंद शिलालेखांत नाही.

आजीच्या देवघरात एक जुनी लक्ष्मीची तसबीर आहे. कडेने वाळवी लागलेली, पण चेहरा शाबूत. ती कुठल्या छापखान्यातली ते खाली वाचता येत नाही, म्हणून मी तिच्याविषयी छातीठोकपणे काही सांगणार नाही. पण अशा लक्ष्म्या-सरस्वत्या घरोघर पोचल्या त्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यामुळे, आणि तो छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू होऊन काही वर्षांनी आला कुठे, तर मळवलीला. ज्या स्टेशनात मी प्रोजेक्टरचं खोकं छातीशी धरून उतरलो, त्याच्याच आसपास. त्या छापखान्याला चित्रांचे ठसे पुरवण्याचं काम करणारा एक गृहस्थ तेव्हा लोणावळ्यात होता. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून त्याने तिथे 'फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' काढलं होतं. तेच धुंडिराज गोविंद फाळके. पुढे हा कारखाना दादरला गेला, भागीदारांशी बिनसलं, आणि १९११च्या सुमारास मुंबईच्या एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला. त्यानंतर या माणसाने घरी काय केलं? एक छोटं यंत्र आणि थोडी फिल्म आणली, आणि रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून नेऊन घराच्या भिंतीवर चित्रं पाडत बसला. शिवाय रोज चार-चार, पाच-पाच तास सिनेमे बघायचे. डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं.

मला त्या भिंतीचं फार अगत्य वाटतं. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, ते शाळेच्या पुस्तकात येतं. मेणबत्तीची भिंत येत नाही. मराठी घरातल्या होम थिएटरचा मूळपुरुष शोधायचा तर तो तिथे सापडेल, एका पेटत्या मेणबत्तीपुढे, आणि शेजारी मुलांना झोपवून बसलेल्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. मेणबत्तीचे ल्युमेन असतात साधारण बारा. एवढ्या उजेडात चित्र दिसायचं तर त्या घरातला बाकी प्रत्येक दिवा घालवलेला असणार, आणि तो घालवायला कुणी सांगितलं असेल आणि कुणी ऐकलं असेल, हे कळायला इतिहासकार कशाला हवा? पुढे सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला भोकं पाडायला शिकल्या, रसायनं मिसळायला शिकल्या आणि सगळ्या चमूचा स्वयंपाकही केला. आमच्याकडे एक समई तेवढी तडजोड करत नाही, आणि मी कुरकुरतो.

वाडीतल्या अंधाराला दुसरीही एक बाजू आहे. लोणावळ्याच्या आसपासचा पाऊस टाटांनी वळवण आणि शिरवट्याच्या तलावांत अडवला, घाटाखाली खोपोलीला सोडला, आणि १९१५पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. पाणी इथलं, दिवे तिथले. सासरे हे फार गोड आवाजात सांगतात, विशेषतः सिनेमाच्या ऐन मध्यावर लाइट गेली की. लाइट गेल्यावर माजघरात जो अंधार होतो तो प्रोजेक्टरला स्वप्नात हवा असतो तसा, निखळ, भेसळ नसलेला. आणि त्याचा तेव्हा काडीचा उपयोग नसतो. समई तेवढी तेवत राहते. आजी काही बोलत नाही, पण तिच्या न बोलण्याला एक सूर असतो.

सिनेमापेक्षा खरी रंगत आली ती गेमने. मेहुण्याचा मुलगा नववीत आहे. तो मोबाइलवर गेम खेळायचा तेव्हा घरात त्याचं वर्णन एकच होतं, डोकं खुपसून बसलेला. तोच पोरगा, तोच गेम, भिंतीवर सात फूट रुंद झाला आणि त्याचा कार्यक्रम झाला. शेजारपाजारची माणसं बाकडी उचलून आणू लागली. चहा फिरू लागला. मोबाइलवर जे व्यसन होतं त्याला भिंतीवर प्रेक्षक मिळाले, आणि प्रेक्षक असलेल्या गोष्टीला आपल्याकडे कुणी व्यसन म्हणत नाही.

मात्र गेमला अंधाराखेरीज आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे तत्परता. बटण दाबल्यापासून भिंतीवर हालचाल दिसेपर्यंत जो वेळ जातो त्याला लॅग म्हणतात. गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला साधारण सतरा मिलिसेकंद. प्रोजेक्टर वाकडा ठेवला की भिंतीवर सूप पडावं तसं चित्र पडतं, वर रुंद, खाली अरुंद. ते यंत्राकडून सरळ करून घेता येतं, पण प्रत्येक चित्र ताणून-आवळून द्यायला यंत्र वेळ घेतं, आणि गाडी वळणाबाहेर गेल्यावर वळते. सिनेमा बघताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पोराच्या एका रात्रीत लक्षात आलं. "मामा, ते कीस्टोन बंद करा आणि मशीनच सरळ ठेवा." मग मशीन सरळ ठेवण्यासाठी पाटा आणला, त्याखाली दोन दिवाळी अंक घातले, एक काढला. गेम मोड लावला. आता गाडी सांगितलेलं ऐकू लागली.

सासऱ्यांचे धाकटे भाऊ, नाना, जीप चालवतात. मळवलीहून प्रवासी भरायचे आणि गायमुखाच्या चढाने वाडीत आणून सोडायचे, हा त्यांचा पिढीजात नाही पण हयातभराचा धंदा. ते मागच्या बाकड्यावर बसून रेसिंग गेम बघत होते. आधी गप्प होते. मग पाय हलायला लागला. मग पोराच्या प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय जमिनीत रुतायला लागला. "आरं बिरेक! बिरेक दाब की! खिंडीत आसा वळवशील तर थेट भाज्याच्या लेण्यात जाशील!" शेवटी राहवेना. म्हणाले, आण हिकडं.

नानांनी कंट्रोलर दोन्ही हातांनी स्टेअरिंगसारखा धरला आणि छातीशी नेला. शर्यत सुरू झाली. अकरा गाड्या गर्रकन निघून गेल्या. नाना पहिल्या गिअरमध्ये निघाले. पहिल्या वळणाला त्यांनी विचारलं, "हॉर्न कुठाय?" पोराने सांगितलं, या गेमला हॉर्न नाही. नाना थांबले. गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन, रीतसर, थांबले. हॉर्न नसलेली गाडी घाटात घालणं त्यांच्या बुद्धीला पटेना. समजूत घातल्यावर पुन्हा निघाले, आणि मग मागून फेरी पूर्ण करून येणाऱ्या प्रत्येक गाडीला त्यांनी डावीकडे सरकून वाट दिली. पोरगा ओरडत होता, आबा, ॲक्सिलेटर! नाना सांगत होते, उताराला ॲक्सिलेटर देत नसतात. भिंतीवर समुद्रकिनारा होता, ताडाची झाडं होती, कोपऱ्यात समईचा सूर्य मावळत होता, आणि त्या परदेशी रस्त्यावरून एक लालभडक स्पोर्ट्स कार पाव्हण्यांना दम लागू नये अशा बेताने चालली होती. बाकीच्या गाड्या केव्हाच पोचल्या, निकाल लागला, फटाके उडाले. नाना शेवटून पहिले आले. कंट्रोलर परत देताना म्हणाले, "येक तरी घासली का? बघ गाडी. नवी हाय."

आजीने गोळीबाराचा गेम एकदाच पाहिला. एवढी माणसं मारतोयस, पोलीस कुठं गेले, असं विचारलं. त्याला उत्तर नव्हतं, म्हणून तो गेम बंद झाला. मला त्या प्रश्नाचं उत्तर अजून सापडलेलं नाही, त्या गेममधल्यासाठीही आणि एकूणच.

उकाडा वाढला तसा खेळ अंगणात आला. पडवीच्या दोन खांबांना चादर बांधली. पातळ चादरीतून उजेड आरपार जातो, त्यामुळे पलीकडच्या अंगालाही चित्र दिसतं, फक्त उलटं. सासऱ्यांना त्यांच्या लहानपणच्या यात्रेतला तंबू आठवला. पडदा मधोमध, एकीकडे पुरुष, दुसरीकडे बायका. उलट्या अंगाला बसणाऱ्यांना सगळे नायक डावखुरे आणि सगळ्या पाट्या कानडी, पण कुणाची तक्रार नव्हती. आमच्या अंगणातही पोरंटोरं पलीकडे जाऊन बसली. क्रिकेटची मॅच लावली तर त्यांना रोहित शर्मा डावखुरा दिसला, आणि त्यांच्यातल्या एकाने तो असाच जास्त चांगला खेळतो असं मत दिलं.

अंगणात किड्यांचं एक वेगळंच. यंत्राच्या भिंगापुढे पाकोळी आली की चादरीवर गिधाड उतरतं. आणि पावसाआधीच्या त्या आठवड्यांत मावळात काजवे निघतात. एक काजवा नायिकेच्या गालावर येऊन बसला आणि ती रडत असताना तिथेच लुकलुकत राहिला. दिग्दर्शकाला सुचलं नसतं. काजव्यांचं चमकणं म्हणजे नर-मादीची बोलणी असतात, आणि आसपास दिवे फार झाले की ती बोलणी त्यांना ऐकू येईनाशी होतात. आपला नाइलाज आणि त्यांचा नाइलाज एकच, अंधार नसेल तर दाखवायचं ते दिसत नाही.

गडाच्या पलीकडे पवना धरणाचं पाणी आहे, आणि त्या काठाने तंबू. तंबूच्या पॅकेजमध्ये बार्बेक्यू असतं, गाणी असतात आणि कित्येक ठिकाणी मोठ्या पडद्यावर सिनेमा असतो. शहरातली माणसं अंधार, चांदण्या आणि शांतता बघायला एवढ्या लांब येतात आणि आल्यावर विचारतात, रात्री पिक्चर कुठला आहे? मी हे टोमणा म्हणून सांगत नाही, कारण मी स्वतः दुसरं काय केलं? मेहुण्याकडेही आता फोनवर चौकशी होते: रूम आहे का, पिठलं आहे का, प्रोजेक्टर आहे का. "दाजी," तो परवा म्हणाला, "तुमचं मशीन पुण्यात धूळच खातंय ना?" जावयाने सासुरवाडीला काही द्यायचं नसतं, घ्यायचं असतं, असा आपला रिवाज. प्रोजेक्टरला तो लागू नसावा.

पावसाळ्यात मात्र त्याला सुट्टी. मावळातला पाऊस भिंतीच्या आतून येतो. चुन्यावर ओल चढते, डाग पडतात, आणि सिनेमातला समुद्र खऱ्या ओलीला जाऊन मिळतो. भिंगाला बुरशी लागू नये म्हणून यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात गेलं. तो डबा तांदळाच्या कणगीशेजारी आहे आणि त्याच्यावर आजीने हळदीचं बोट लावलं आहे.

पण श्रावणातच गणपती मंडळाची पोरं आली. यंदा देखावा भिंतीवर करायचा म्हणाली. मी त्यांना कल्याणच्या पटवर्धनांचं सांगितलं, सिनेमा येण्याआधी, १८९२च्या सुमारास, काचेवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्यापुढे सरकवून पडद्यावर पुराणातल्या गोष्टी हलत्या दाखवणारे. त्यांच्या खेळाचं नाव शांबरिक खरोलिका. पोरांना नाव फार आवडलं. तेच मंडळाच्या बॅनरवर टाकायचं ठरलं. नववीतल्या पोराने अट घातली, आरतीनंतर एक तास गेम. मंडळाने उलट अट घातली, कंट्रोलर अध्यक्षांना आधी. इथपर्यंत सगळं सुरळीत.

मग मी अंधाराचा विषय काढला. मंडपात चार हॅलोजन, रस्त्याच्या दुतर्फा माळा, कमानीवर फिरतं चक्र. एवढ्या उजेडात भिंतीवर काही दिसणार नाही, निदान देखाव्यापुरते दिवे घालवा. मंडळात शांतता पसरली. गणपतीत लाइट घालवायची म्हणजे काय, असं खजिनदाराने हळूच विचारलं. कुणी म्हणालं जास्त ल्युमेनवालं मशीन आणू. कुणी म्हणालं पडदाच काळा लावू. शेवटी नानांनी तोडगा काढला.

"भादव्यात लाइट जातीच की रोज. गेली की लावायचा देखावा."

"अन् मशीन कशावर चालवायचं, आबा?"

"जनरेटर आणायचा. फकस्त मशीनला जोडायचा, माळांना जोडायचा न्हाय."

सगळ्यांना पटलं. जनरेटरचं दहा दिवसांचं भाडं किती होतं त्याची चौकशी जागेवरच फोन लावून झाली. आकडा ऐकल्यावर खजिनदाराने वही मिटली, आणि सगळं मंडळ माझ्याकडे बघायला लागलं.